एकही मॅच न खेळता ज्याच्या नावाचा १ नंबर सेल्टिक्सच्या छताला टांगलाय, तो वॉल्टर ब्राउन

बॉस्टनला एनबीएची मॅच बघायला जायचं ठरलं तर रस्ता शोधावा लागत नाही. ऑरेंज लाइन किंवा ग्रीन लाइन पकडायची, नॉर्थ स्टेशनला उतरायचं आणि वर जायचं. उपनगरातून येणाऱ्या लोकल गाड्याही याच स्टेशनात संपतात. टीडी गार्डन हे १९ हजारांच्या आसपास माणसं बसतील असं मैदान स्टेशनच्या डोक्यावरच आहे. गाडी आणली तर पार्किंगचे पैसे ऐकून घाम फुटतो आणि मोठी बॅग आणली तर दारावरून परत फिरावं लागतं. म्हणून अनुभवी माणूस मोकळ्या हाताने आणि ट्रेननेच येतो.

आत जाऊन खुर्ची सापडली की आधी मान वर करायची. छताला हिरव्या-पांढऱ्या पताका लटकताना दिसतात. अठरा अजिंक्यपदांच्या अठरा पताका आणि त्यांच्याजवळ निवृत्त केलेल्या जर्सींचे नंबर. ६ नंबर बिल रसेलचा, १४ बॉब कूझीचा, ३३ लॅरी बर्डचा. बास्केटबॉल थोडाफार बघणाऱ्याला हे माहीत असतं.

पण १ नंबर कुणाचा, हे शेजारच्या खुर्चीवर बसलेल्या बॉस्टनकरालाही पटकन सांगता येईलच असं नाही.

तो नंबर वॉल्टर ब्राउनचा आहे. या माणसाने सेल्टिक्ससाठी एकही मॅच खेळली नाही. तो कोच नव्हता आणि बास्केटबॉलचा तर मुळीच नव्हता, त्याचं आयुष्य बर्फावर गेलं होतं. पण तो नसता तर सेल्टिक्स नावाची टीम १९५० सालीच बंद पडली असती. 

वॉल्टरचा जन्म १० फेब्रुवारी १९०५ चा, मॅसॅच्युसेट्स राज्यातल्या हॉपकिंटन गावचा. हे गाव आज बॉस्टन मॅरेथॉन सुरू होते म्हणून ओळखलं जातं आणि त्यात ब्राउन घराण्याचा हात आहे. वडील जॉर्ज ब्राउन हे मॅरेथॉन भरवणाऱ्या बॉस्टन अ‍ॅथलेटिक असोसिएशनचे कर्तेधर्ते. शर्यत सुरू करायची पिस्तूल वर्षानुवर्षं त्यांच्याच हातात असायची. पुढे ते बॉस्टन अरीना आणि मग बॉस्टन गार्डन या दोन बंदिस्त मैदानांचा कारभार बघू लागले.

यातलं बॉस्टन गार्डन काय प्रकरण होतं ते समजून घेतलं पाहिजे, कारण पुढची सगळी गोष्ट या इमारतीभोवतीच फिरते.

टेक्स रिकार्ड नावाचा बॉक्सिंगचा मोठा प्रवर्तक होता. त्याने आधी न्यूयॉर्कला मॅडिसन स्क्वेअर गार्डनची नवी इमारत बांधली आणि मग तसंच बॉस्टनला उभं करायचं ठरवलं. १७ नोव्हेंबर १९२८ ला ते उघडलं. रिकार्डच्या डोक्यात बॉक्सिंग होतं, म्हणून प्रेक्षकांच्या खुर्च्या रिंगच्या जितक्या जवळ आणता येतील तितक्या आणल्या. वरचे सज्जे तर खेळाडूंच्या अंगावर येतात की काय असे झुकलेले. आवाज बाहेर जायला जागा नाही. खाली रेल्वे स्टेशन, बाहेर कॉजवे स्ट्रीटवर खांबांवरून धडधडत जाणारी ट्रेन.

गैरसोयीही तशाच. काही खुर्च्यांसमोर नेमका लोखंडी खांब. तिकीट काढताना जागा नीट विचारून घेतली नाही तर अर्धी मॅच मान वाकडी करून बघायची. एअर कंडिशनिंग नव्हतंच, ते शेवटपर्यंत आलं नाही. १९८४ च्या अंतिम मालिकेत एका मॅचला आतलं तापमान ३६ अंशांपर्यंत गेलं होतं आणि पाहुण्या लेकर्सचे खेळाडू ऑक्सिजनचा मास्क लावून बसले होते. 

तर १९३७ साली जॉर्ज ब्राउन वारले आणि बत्तिशीतल्या वॉल्टरच्या हाती या इमारतींच्या किल्ल्या आल्या.

तोवर त्याने आपलं नाव केलं होतं, पण हॉकीत. १९३३ साली प्रागला आइस हॉकीची जागतिक स्पर्धा झाली. तिथे गेलेल्या अमेरिकन टीमचा कोच वॉल्टर होता. हॉकीत कॅनडाला हरवणं तेव्हा कुणाला सुचतही नसे. अमेरिकेने अंतिम सामन्यात जादा वेळेत २-१ अशी मात केली. अमेरिकेचं ते पहिलं जागतिक विजेतेपद, तेही २८ वर्षांच्या कोचच्या हाताखाली. पुढे १९४० साली देशभरातल्या मैदानमालकांनी मिळून आइस कपेड्स नावाचा बर्फावरच्या नाचाचा शो काढला, त्यातही वॉल्टर होता. हा शो लक्षात ठेवा, पुढे त्याचा एका मोठ्या सौद्याशी संबंध येतो.

आता बास्केटबॉल कुठून आला?

मंगल कार्यालयाच्या मालकाला चातुर्मास जसा खुपतो, तशा मैदानमालकांना रिकाम्या रात्री खुपायच्या. हॉकीच्या मॅचेस आठवड्यात दोन, मधे सर्कस, मधे रोडिओ, मधे आइस शो. बाकीच्या रात्री हजारो खुर्च्या रिकाम्या, पण कर, पगार आणि विजेचं बिल चालूच. तिकडे न्यूयॉर्कला नेड आयरिश हा माजी पत्रकार मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये कॉलेजच्या बास्केटबॉलच्या मॅचेस लावून घर भरत होता. व्यावसायिक बास्केटबॉलची एक लीग होती, पण ती फोर्ट वेन, शेबॉयगन, ऑशकॉश अशा छोट्या गावांत, छोट्या हॉलमध्ये खेळली जायची.

मोठ्या शहरांतली मोठी मैदानं आपल्याकडे आहेत, मग लीगही आपणच का काढू नये, असा हिशेब मालकांनी केला. त्यात वॉल्टर ब्राउन पुढे होता. ६ जून १९४६ ला न्यूयॉर्कच्या कमोडोर हॉटेलात अकरा शहरांचे लोक बसले आणि बास्केटबॉल असोसिएशन ऑफ अमेरिका स्थापन झाली. अध्यक्ष नेमला तो मॉरिस पोडोलॉफ, हॉकी लीग चालवणारा वकील. म्हणजे आज ज्याला आपण एनबीए म्हणतो ते हॉकीवाल्यांनी रिकाम्या रात्री भरायला काढलेलं दुकान आहे. १९४९ साली जुनी लीग त्यात विलीन झाली आणि एनबीए हे नाव आलं.

बॉस्टनच्या टीमला नाव काय द्यायचं यावर बरीच खलबतं झाली. व्हर्लविंड्स, युनिकॉर्न्स, ऑलिम्पिक्स अशी नावं निघाली. शेवटी ब्राउननेच सेल्टिक्स सुचवलं. बॉस्टनमध्ये आयरिश वस्ती भरपूर, आणि न्यूयॉर्कला पूर्वी ओरिजिनल सेल्टिक्स नावाची नामांकित टीम होऊन गेली होती. हिरवा रंग नावाबरोबरच आला.

नाव चांगलं होतं, सुरुवात मात्र बघवत नव्हती.

५ नोव्हेंबर १९४६, घरच्या मैदानावरची पहिली मॅच. ती गार्डनमध्ये नव्हती, कारण गार्डनमध्ये रोडिओ चालू होता. म्हणून मॅच लहान भावाकडे, म्हणजे बॉस्टन अरीनात. मॅचआधीच्या सरावात चक कॉनर्स या सेल्टिक्सच्याच खेळाडूने बॉल टाकला आणि काचेचा बॅकबोर्ड फुटला. दुसरा बोर्ड होता गार्डनमध्ये. तो आणायला प्रसिद्धीचं काम बघणारा होवी मॅकह्यू धावला, तर बोर्ड ठेवला होता रोडिओच्या बैलांच्या पलीकडे! कसाबसा तो आणला, बसवला, तोवर तासभर गेला. चार हजारांहून थोडे जास्त लोक आले होते, ते ताटकळत बसले. मॅच सेल्टिक्स दोन गुणांनी हरली, ५७-५५. (हा कॉनर्स पुढे बास्केटबॉल सोडून हॉलिवूडला गेला आणि टीव्हीवरच्या द रायफलमॅन या मालिकेचा हीरो झाला. चांगलं केलं.)

पहिल्या हंगामात ६० पैकी ३८ पराभव. त्याच काळात अरीनासाठी लाकडी फरशी बनवायची होती. नुकतंच महायुद्ध संपलेलं, लांब फळ्या मिळेनात. मग उरलेसुरले छोटे तुकडे उभे-आडवे जोडून पाच बाय पाच फुटांचे चौकोन केले. असे २४७ चौकोन बोल्टने एकमेकांना जोडायचे, मॅच झाली की सोडायचे. खाली बर्फ, वर फरशी. अडचणीतून निघालेली ही नक्षी पुढे जगातली सगळ्यात ओळखीची बास्केटबॉलची फरशी झाली. १९५२ मध्ये ती गार्डनमध्ये आली. तिच्यावर काही ठिकाणी बॉल नीट उसळत नाही आणि त्या जागा सेल्टिक्सला पाठ आहेत, असा पाहुण्या टीम्सचा कायमचा संशय होता.

बॉस्टनमध्ये प्रेक्षक मात्र येईनात. गंमत बघा, बास्केटबॉलचा जन्म १८९१ चा, बॉस्टनपासून दीडशे किलोमीटरच्या आत असलेल्या स्प्रिंगफील्डचा. पण बॉस्टन हॉकी आणि बेसबॉलचं शहर. १९४९-५० च्या हंगामात सेल्टिक्स ६८ पैकी ४६ मॅचेस हरून तळाला गेली. चार वर्षं नुकसान सोसून गार्डन चालवणाऱ्या कंपनीच्या भागधारकांचा धीर सुटला. टीम बंद करा, असा सूर लागला.

इथे ब्राउनला थांबता आलं असतं. तो पगारी अध्यक्ष होता आणि बुडत होता तो कंपनीचा पैसा, त्याच्या खिशाला झळ नव्हती. त्याने उलटं केलं. टीम स्वतः विकत घेतली. त्यासाठी घर गहाण टाकलं. प्रॉव्हिडन्सच्या बंद पडलेल्या टीमचा मालक लू पिएरी याला भागीदार घेतलं. ज्या खेळाची त्याला स्वतःला फारशी जाण नव्हती, ज्याला शहर विचारत नव्हतं, त्याच्यासाठी घर पणाला लावायचं हा शहाणपणा नव्हता. बॉस्टनच्या पेपरांनाही तो वाटला नसावा.

जाण नसल्याची कबुली त्याने कृतीतूनच दिली. पिएरीच्या सल्ल्याने त्याने रेड ऑरबॅक या तिशीतल्या, तोंडाळ, सिगार ओढणाऱ्या ब्रुकलिनच्या कोचला आणलं आणि खेळाचा निर्णय त्याच्यावर सोडून दिला.

त्याच १९५० सालच्या एप्रिलमध्ये नव्या खेळाडूंची निवड होती. दुसऱ्या फेरीत बॉस्टनची पाळी आली आणि ब्राउनने नाव घेतलं चक कूपरचं, ड्युकेन विद्यापीठाचा. खोलीत शांतता पसरली. कूपर कृष्णवर्णीय होता आणि एनबीएच्या कुठल्याही टीमने तोवर कृष्णवर्णीय खेळाडू निवडला नव्हता. तो निग्रो आहे हे ठाऊक आहे ना, असं कुणीतरी विचारलं. त्याच्या अंगावर पट्टे, चौकडी की ठिपके आहेत याच्याशी मला देणंघेणं नाही, अशा अर्थाचं उत्तर ब्राउनने दिल्याचं सांगितलं जातं.

भीती नुसती वर्णाची नव्हती, धंद्याचीही होती. हार्लेम ग्लोबट्रॉटर्स ही सगळ्या कृष्णवर्णीय खेळाडूंची टीम तेव्हा एनबीएपेक्षा जास्त गर्दी खेचायची. एनबीएचे मालक त्यांची मॅच आपल्या मैदानात लावून तिकिटं खपवायचे. चांगले कृष्णवर्णीय खेळाडू आपल्याकडेच येणार हे ग्लोबट्रॉटर्सच्या मालकाने, एब सेपरस्टीनने, धरूनच ठेवलं होतं. तो रुसला तर गर्दी गेली. घर गहाण असलेल्या मालकाला हा धोका नको असायला हवा होता. पण ब्राउन मागे हटला नाही. त्याच निवडीत पुढे वॉशिंग्टनने अर्ल लॉइडला घेतलं आणि वेळापत्रकाच्या योगायोगाने ३१ ऑक्टोबरला लॉइड आधी मैदानात उतरला, कूपर दुसऱ्या दिवशी. दार ब्राउनने ढकललं होतं, आत आधी दुसरा गेला.

त्याच वर्षी नशिबाने एक गंमत केली. बॉब कूझी हा बॉस्टनजवळच्या होली क्रॉस कॉलेजचा हीरो. हाच घ्या, म्हणून पेपरवाले ओरडत होते. ऑरबॅकने त्याला न घेता उंच सेंटर घेतला. कूझी दुसऱ्या टीमकडे गेला, तिथून शिकागोकडे आणि शिकागोची टीमच बंद पडली. तिच्या तीन खेळाडूंवरून न्यूयॉर्क, फिलाडेल्फिया आणि बॉस्टन भांडू लागले, तेव्हा तीन चिठ्ठ्या हॅटमध्ये टाकल्या. कूझी कुणालाच नको होता. नेड आयरिशला हवा तो झॅस्लोफ्स्की मिळाला, फिलाडेल्फियाला फिलिप. ब्राउनच्या हाती शेवटची चिठ्ठी आली, कूझीची. त्याचं तोंड पडलं. नको असलेला हा खेळाडू पुढे तेरा वर्षं बॉस्टनला प्रेक्षक आणत राहिला.

१९५१ च्या सुरुवातीला कॉलेज बास्केटबॉलमध्ये मॅच फिक्सिंग बाहेर आलं आणि खेळाचं नाव खराब झालं. एनबीएचा प्रसिद्धिप्रमुख हॅस्केल कोहेनने सुचवलं, बेसबॉलसारखी ऑल-स्टार मॅच करू. बाकीचे मालक नाक मुरडत होते. मग ब्राउन म्हणाला, गार्डन माझं आणि खर्चही माझा, नुकसान झालं तर मी भरीन. २ मार्च १९५१ ला दहा हजारांवर लोक आले. पूर्व विभागाने १११-९४ अशी मॅच जिंकली आणि सामनावीर ठरला सेल्टिक्सचाच एड मकॉली. आज ऑल-स्टार मॅच मिळावी म्हणून शहरं रांगेत उभी राहतात.

इथपर्यंत वाचून ब्राउन म्हणजे काळाच्या पुढचा देवमाणूस असं वाटायला लागतं. म्हणून त्याच वर्षातली दुसरी गोष्टही सांगायला हवी.

ब्राउन बॉस्टन अ‍ॅथलेटिक असोसिएशनचाही अध्यक्ष होता, म्हणजे मॅरेथॉन त्याच्या हातात. १९५० च्या एप्रिलमध्ये, कूपरच्या निवडीच्या आसपासच, मॅरेथॉनचे पहिले तिन्ही क्रमांक कोरियन धावपटूंनी पटकावले होते. हाम की-योंग पहिला आला. दोन महिन्यांत कोरियात युद्ध पेटलं. पुढच्या वर्षी ब्राउनने कोरियन धावपटूंचे अर्जच घेतले नाहीत. अमेरिकन पोरं तिकडे लढून मरतायत, तर कोरियन तरुणांनी इथे पळण्याऐवजी तिकडे बंदूक धरावी, असं त्याचं म्हणणं. ज्या दक्षिण कोरियासाठी अमेरिका लढत होती, त्याच देशाच्या खेळाडूंना ही शिक्षा. त्या वर्षी शर्यत जिंकली शिगेकी तानाका या जपानच्या हिरोशिमा भागातल्या तरुणाने. सहाच वर्षांपूर्वी जपान अमेरिकेचा शत्रू होता! ब्राउनच्या कौतुकाच्या लेखांत हा प्रसंग सहसा नसतो.

माणूस तापट होता. टीम हरली की पत्रकारांपुढे स्वतःच्याच खेळाडूंची सालं काढायचा आणि राग उतरला की जाऊन माफी मागायचा. खेळाडू त्याच्यावर जीव टाकायचे. हे दोन्ही एकाच माणसाबद्दल सगळ्यांनी सांगितलं आहे.

पैशाची ओढाताण चालूच होती. १९५२ मध्ये एकदा गार्डनमध्ये बर्फावरचा शो होता, तो संपल्यावर मध्यरात्री बास्केटबॉलची मॅच ठेवली. रात्रपाळीच्या लोकांनी तरी यावं, एवढीच आशा. मार्च १९५३ मध्ये सिरॅक्यूझविरुद्ध चार जादा डाव चाललेल्या मॅचमध्ये कूझीने एकट्याने ५० गुण केले आणि शहराने पहिल्यांदा डोळे चोळून बघितलं. १९५४ पासून २४ सेकंदांचा नियम आला, बॉल दाबून बसणं बंद झालं, खेळ धावू लागला. सेल्टिक्स गुण भरपूर करायची, पण निर्णायक मॅच आली की हरायची. बोर्डवरून उडालेला बॉल पकडणारा माणूस नव्हता.

तो माणूस १९५६ साली सॅन फ्रान्सिस्को विद्यापीठात होता, बिल रसेल. निवडीत पहिली पाळी रॉचेस्टरची, दुसरी सेंट लुईची, आणि बॉस्टन फार मागे. ऑरबॅकने सेंट लुईला देऊ केले एड मकॉली आणि क्लिफ हेगन. मकॉली म्हणजे बॉस्टनचा लाडका, ब्राउनचा तर जास्तच. तुझी इच्छा नसेल तर हा सौदा मी मोडतो, असं ब्राउनने त्याला कळवलं. रसेल हातचा गेला असता तरी चाललं असतं! पण मकॉलीचं घर सेंट लुईला, तिथे त्याचा मुलगा गंभीर आजारी. जाऊ द्या, त्यात माझंच भलं आहे, असं त्यानेच सांगितलं, म्हणून सौदा झाला.

उरलं रॉचेस्टर. इथे आइस कपेड्स येतो. रॉचेस्टरचा मालक होता लेस हॅरिसन. ऑरबॅक पुढे सांगायचा की ब्राउनने हॅरिसनला शब्द दिला, रसेलला सोड, आइस कपेड्सचा शो तुझ्याकडे पाठवतो. दुसरी बाजूही आहे. रॉचेस्टरकडे मॉरिस स्टोक्ससारखा बॉल पकडणारा दांडगा खेळाडू आधीच होता आणि रसेल फार पैसे मागेल ही धास्ती होती. कारण काहीही असो, रॉचेस्टरने सिहुगो ग्रीनला निवडलं आणि रसेल बॉस्टनला आला. बास्केटबॉलच्या इतिहासातला सर्वांत यशस्वी खेळाडू बर्फावरच्या नाचाच्या बदल्यात मिळाला असेल, तर मैदानमालकांनी काढलेल्या लीगला ते शोभण्यासारखंच आहे.

रसेल आधी मेलबर्न ऑलिंपिकचं सुवर्ण घेऊन आला आणि २२ डिसेंबरला गार्डनमध्ये पहिल्यांदा उतरला. १३ एप्रिल १९५७ ला त्याच गार्डनमध्ये अंतिम मालिकेची सातवी मॅच, समोर सेंट लुई, म्हणजे मकॉली आणि हेगनच. दोन जादा डाव झाले. टॉम हाइनसन या नवख्याने ३७ गुण केले आणि सेल्टिक्स १२५-१२३ जिंकली. घर गहाण टाकल्याला सात वर्षं होत होती.

त्यानंतर १९५९ पासून १९६६ पर्यंत सलग आठ अजिंक्यपदं. तरीही गार्डन रोज भरत नव्हतं. आज तिकिटासाठी महिने आधी धडपडणाऱ्यांना खोटं वाटेल, पण जगातली सर्वोत्तम टीम खेळत असताना मागच्या रांगा रिकाम्या दिसायच्या आणि त्याच इमारतीत तळाला असलेली ब्रुइन्सची हॉकी टीम जास्त गर्दी खेचायची. ब्रुइन्सचा अध्यक्षही १९५१ पासून ब्राउनच होता, त्यामुळे तक्रार करायची तरी कुणाकडे.

आता शेवटचं वर्ष.

१४ जानेवारी १९६४, ऑल-स्टार मॅच पुन्हा बॉस्टन गार्डनमध्ये. बाहेर बर्फाचं वादळ. टीव्हीवर रात्रीच्या मुख्य वेळेत थेट दाखवणार. आणि खेळाडूंनी ड्रेसिंग रूमचं दार लावून घेतलं. पेन्शनचं लेखी आश्वासन दिल्याशिवाय मैदानात उतरणार नाही, असा निरोप आला. खेळाडूंच्या संघटनेचा अध्यक्ष होता टॉम हाइनसन, ब्राउनचाच खेळाडू, १९५७ चा तोच ३७ गुणांचा नवखा.

ज्या मॅचचा जन्म स्वतःच्या खिशातून दिलेल्या हमीवर झाला, तीच आपल्या घरात, आपल्याच माणसाने अडवावी हे ब्राउनच्या जिव्हारी लागलं. नवे कमिशनर वॉल्टर केनेडी यांनी पेन्शनचा शब्द दिला, तेव्हा मॅच थोड्या उशिराने सुरू झाली. ब्राउन मात्र शांत झाला नाही. हाइनसन हा खेळातला सर्वांत कृतघ्न माणूस आहे, अशा अर्थाचं तो पेपरवाल्यांपुढे बोलला.

चूक कुणाची? खेळाडूंची नक्कीच नव्हती. वर्षाला काही हजार डॉलर मिळवून तिशीत निवृत्त होणाऱ्या माणसांनी म्हातारपणाची सोय मागितली होती आणि मालक वर्षानुवर्षं टाळत होते. ब्राउनला ते कळत नव्हतं असंही नाही. खेळाडूंशी इतर मालकांपेक्षा तोच जास्त माणुसकीने वागायचा. पण माणुसकीने देणं वेगळं आणि हक्क म्हणून मागितलेलं देणं वेगळं, हा घोळ भल्या मालकांचाही होतो.

त्या वसंतात सेल्टिक्सने सातवं अजिंक्यपद मिळवलं. हाइनसन त्या टीममध्ये होता. ७ सप्टेंबर १९६४ ला केप कॉडवरच्या हायॅनिसला हृदयविकाराने ब्राउन गेला. वय ५९.

एनबीएने विजेत्यांच्या करंडकाला त्याचं नाव दिलं. हॉकीच्या हॉल ऑफ फेममध्ये तो १९६२ सालीच गेला होता, बास्केटबॉलच्या हॉलने त्याला १९६५ मध्ये घेतलं. त्याच वर्षी त्याच्या पत्नीने आणि पिएरीने टीम ३० लाख डॉलरना विकली. २०२५ मध्ये तीच टीम ६१० कोटी डॉलरना विकली गेली. करंडकावरचं नाव १९८४ मध्ये बदलून लॅरी ओब्रायन झालं.

जुनं गार्डन १९९५ साली बंद झालं. नवं त्याच्या इतकं चिकटून बांधलं होतं की दोन इमारतींमध्ये जेमतेम नऊ इंचांची फट होती. पुढे जुनी इमारत पाडली. तिथले खांब गेले, उकाडा गेला. फरशी तेवढी नव्या इमारतीत आली आणि काही हंगाम वापरली गेली. आताची फरशी नवी आहे, पण तिच्यावर चौकोनांची नक्षी तशीच ठेवली आहे. आणि नॉर्थ स्टेशनच्या वर, हॉकीच्या बर्फावर पांघरलेल्या त्या फरशीच्या वर, निवृत्त नंबरांच्या पताकेत ब्राउनचा १ लटकतो. त्याच्या शेजारी २ नंबर आहे, तो ऑरबॅकचा. तोही सेल्टिक्ससाठी कधी खेळला नव्हता.